लाल खूण, निळी खूण

संपादन शिकता येतं! रीतसर, पायरीपायरीनं, स्वाध्याय सोडवून, परीक्षा देऊन शिकता येतं, आणि जगात कितीतरी माणसं ते तसं शिकून त्यावर मानानं घर चालवतात. हे कळल्यापासून मी जो भेटेल त्याला धरून हेच सांगते आहे. वहिनीला सांगून झालं, कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगून झालं, लोकलमध्ये शेजारी बसून कादंबरी वाचणाऱ्या एका अनोळखी मुलीलाही सांगून झालं. आता तुम्हाला सांगते.

आपल्याकडे संपादक म्हटलं की डोळ्यांपुढे एक तर वर्तमानपत्राचा अग्रलेख येतो, नाहीतर श्री. पु. भागवत. गिरगावात खटाववाडीतलं त्यांचं मौज प्रकाशन, हस्तलिखितांवर झडलेल्या चर्चा, लेखकांना गेलेली सविस्तर पत्रं, १९८२ साली बंद पडलेलं ‘सत्यकथा’ मासिक यांबद्दल आपण इतकं ऐकलेलं असतं, की अशी नजर उपजतच असावी लागते असं सगळेच धरून चालतात. मराठी घेऊन एम.ए. करा, साहित्यशास्त्र शिकवतील, भाषाविज्ञान शिकवतील. पण तीनशे पानांचं हस्तलिखित टेबलावर येऊन पडलं तर त्याला हात कुठून घालायचा, हे वर्गात कुणी सांगत नाही. आणि ते सांगता येतं! अगदी बारीकसारीक तपशिलासह सांगता येतं!

मला ते पहिल्यांदा सांगितलं अण्णांनी. मी ज्या लहानशा प्रकाशनासाठी अनुवाद करते, तिथे ते मुद्रितशोधक आहेत. खिळे जुळवण्याच्या काळापासून प्रुफं वाचत आलेले. गॅली प्रूफ, पेज प्रूफ, मशीन प्रूफ हे शब्द त्यांच्या तोंडी अजून आहेत, जरी आता सगळी प्रुफं पीडीएफमधूनच येतात. एकदा त्यांच्या टेबलाशी बसले असताना त्यांनी एका पुस्तकाची प्रुफं माझ्याकडे सरकवली. मी पहिलं वाक्य वाचायला घेतलं, तर म्हणाले, “आधी वाचू नकोस. आधी बघ.”

म्हणजे काय, तर पहिल्या फेरीत मजकूर वाचायचाच नाही! फक्त पानांचे क्रमांक बघायचे. मग प्रकरणांची नावं अनुक्रमणिकेशी ताडून बघायची, कारण लेखक आयत्या वेळी प्रकरणाचं नाव बदलतो आणि अनुक्रमणिकेत जुनंच राहून जातं. मग प्रत्येक पानाची शेवटची ओळ आणि पुढच्या पानाची पहिली ओळ तेवढी जोडून बघायची, मध्ये काही गळलं तर तिथेच सापडतं. मग परिच्छेदाची एकच ओळ तुटून पुढच्या पानाच्या माथ्यावर एकटी पडली आहे का, ते. मग तळटीपांचे आकडे. एवढं झालं, की ओळीखाली जाड कार्ड धरून वाचन, आणि तेही शब्द शब्द सुटा करून. कारण डोळा सवयीनं पुढचा शब्द ओळखून मोकळा होतो, तो छापलेला आहे की नाही हे तो बघतच नाही. शेवटी एक फेरी फक्त माणसांच्या आणि गावांच्या नावांसाठी. प्रत्येक फेरीत एकच काम. “सगळं एकदम बघायला गेलीस की काहीच दिसत नाही,” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी मला एकाच पानावर एकामागून एक फेऱ्या करायला लावल्या. दर फेरीला त्या पानातून नवं काहीतरी वर यायचं! गुळगुळीत, निर्दोष वाटणारं पान. त्यात एका ठिकाणी उघडलेलं अवतरणचिन्ह मिटलेलंच नव्हतं, एका ठिकाणी ‘आणि आणि’ असं दोनदा होतं, पहिला ओळीच्या शेवटी आणि दुसरा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, आणि हे ‘आणि’ चारदा वाचूनही मला दिसले नव्हते. कार्ड धरल्यावर दिसले.

त्या रात्री मी झोपले नाही म्हटलं तरी चालेल. हे शिकवणारं आणखी कुठे काय आहे, ते शोधत बसले, आणि माझ्यापुढे एक अख्खं जग उघडलं.

ब्रिटनमध्ये संपादक आणि मुद्रितशोधकांची स्वतःची संस्था आहे! घरी बसून काम करणाऱ्या लोकांनी १९८८ मध्ये एकत्र येऊन ती सुरू केली, आणि २०२० पासून तिला ‘चार्टर्ड’ हा दर्जा आहे, आपल्या सीए लोकांच्या नावातला तोच ‘चार्टर्ड’. सदस्यत्वाच्या पायऱ्या आहेत: नवशिके, मधले, व्यावसायिक, आणि त्याहून वरचे. वर चढायचं तर नुसती वर्षं भरून चालत नाही. प्रशिक्षण दाखवावं लागतं, केलेलं काम दाखवावं लागतं. तिथले अभ्यासक्रम घरबसल्या करता येतात. मी मुद्रितशोधनाचा पहिलाच घेतला. तो इंग्रजी मजकुरावरचा होता, पण मला हवी होती ती पद्धत, आणि पद्धतीला भाषेची अडचण फारशी येत नाही.

तिथे मला रंग भेटले. मुद्रितशोधनाच्या खुणांचं ब्रिटनमध्ये राष्ट्रीय मानक आहे, बीएस ५२६१ नावाचं. काढून टाका, इथे घाला, जागा सोडा, जोडून घ्या, खाली टिंबं दिलेला मजकूर आहे तसाच ठेवा, या प्रत्येकाला ठरलेली खूण. एक खूण ओळीत, तिची जोडीदार समासात, म्हणजे जुळणी करणाऱ्यानं नुसता समास वरून खाली पाहिला तरी एकही दुरुस्ती सुटू नये. आणि त्यावर कडी म्हणजे रंगांची वाटणी! जुळणी करणाऱ्याकडून झालेली चूक असेल तर लाल. लेखकानं किंवा संपादकानं मागाहून केलेला बदल असेल तर निळा. जुळणी करणाऱ्याला स्वतःला काही विचारायचं असेल तर हिरवा. कशासाठी? तर दुरुस्तीचा खर्च कुणाच्या नावे पडायचा, ते नुसत्या रंगावरून कळावं म्हणून! लाल खुणांचे पैसे छापखाना मागू शकत नाही, निळ्यांचे मागू शकतो. शंभर पानांच्या प्रुफांवर कुणी किती काम केलं, कुणाकडून काय राहिलं, याचा सगळा हिशेब समासात मांडलेला! आता संगणकावर बदलांची नोंद आपोआप होते, तिथेही प्रत्येकाचा रंग वेगळाच असतो, पण त्या रंगांमागे एवढा जुना आणि इतका न्यायाचा विचार उभा आहे, हे कळल्यावर मी अण्णांना फोन लावला. ते हसले. म्हणाले, “आम्ही लाल आणि निळी पेन्सिल वापरायचो. एकाच कांडीच्या दोन टोकांना दोन रंग असायचे, ती.”

यानंतर कॅनडा. तिथल्या संपादकांची संघटना १९७९ ची. त्यांनी या कामाचे चार थर करून दाखवले आहेत, आणि प्रत्येक थराची वेगळी परीक्षा ठेवली आहे: रचनेचं संपादन, शैलीचं संपादन, प्रतसंपादन, आणि शेवटी मुद्रितशोधन. चार कामं, चार परीक्षा! एकात पास झालात म्हणून दुसरं येतं असं कुणी गृहीत धरत नाही. हे वाचलं आणि माझ्या टेबलावर तेव्हा पडलेल्या हस्तलिखिताकडे मी नव्यानं पाहिलं. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

एका निवृत्त एसटी चालकाच्या आठवणी आहेत त्या. चिपळूण-कराड रस्त्यावर, कुंभार्ली घाटात ज्यांची हयात गेली अशा गृहस्थांच्या. प्रकाशकांनी “जरा बघून घ्या” म्हणून माझ्याकडे दिल्या होत्या. ‘जरा बघून घ्या’ हे आपल्याकडचं संपादनाचं कंत्राट! मी त्याला चार थर लावून बघितले.

रचना: पुस्तक सुरू होतं वंशावळीपासून. पणजोबा, आजोबा, जमिनीची वाटणी, गावची देवी. मग शाळा. मग बऱ्याच पानांनंतर एका पावसाळी रात्री मुक्कामी गाडी घाटात अडकते, आणि तिथून माणूस असा काही बोलायला लागतो की पुस्तक खाली ठेवता येत नाही. ती रात्र पहिल्या प्रकरणात यायला हवी. वंशावळ कुठे जात नाही, ती मागाहून येईल.

शैली: त्या रात्रीचंच एक वाक्य त्यांनी असं लिहिलं होतं: ‘सदर घाटात त्या वेळी अत्यंत दाट धुके पसरलेले असल्याकारणाने समोरील काहीही दिसून येत नव्हते.’ डेपोत अहवाल लिहिण्याची सवय बोलते आहे ही. मी त्यांना फोन केला आणि म्हटलं, “काका, त्या रात्रीचं धुकं कसं होतं?” ते म्हणाले, “कसं म्हणजे? बोनेट दिसत नव्हतं, ताई. कंडक्टर बॅटरी घेऊन पुढं चालत होता आणि मी त्याच्या मागून गाडी आणत होतो.” मी म्हटलं, “काका, हेच लिहू या का?” पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, “असं लिवलं तर चालतं व्हय?” चालतं! त्यांचंच वाक्य त्यांना परत मिळवून द्यायचं, एवढंच त्या थराचं काम, आणि मी याआधी त्याच जागी बसून स्वतःची ऐटदार वाक्यं घातली असती, हे शिक्षण नसतं तर.

प्रतसंपादन: इथे मी यादी करायला शिकले. संपादक प्रत्येक पुस्तकासाठी एक वेगळा कागद ठेवतो. त्यावर माणसांची नावं, गावांची नावं, सालं, आणि जिथे दोन रूपं चालतात तिथे या पुस्तकापुरतं कुठलं धरलं ते. कंडक्टर सुरुवातीला सावंत आहेत आणि पुढे सामंत, हे त्या कागदानंच पकडलं. आणि त्याच कागदानं आणखी एक पकडलं. पान २३ वर काका लिहितात, की ते १९६८ मध्ये एसटीत लागले. पान ७१ वर कोयनेचा भूकंप आहे, आणि त्या पहाटे ते घाटात गाडीवर आहेत. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ रोजी. ही तारीख त्या भागातल्या कुणाला चुकायची नाही, म्हणजे घोळ नोकरीच्या सालात असणार असं मला वाटलं. पण अभ्यासक्रमात एक गोष्ट बजावून सांगितलेली असते: लेखकाला निष्कर्ष कळवायचा नाही, दोन्ही पानं समोर ठेवायची आणि विचारायचं. मी तसंच लिहिलं: ‘पान २३ वर १९६८, पान ७१ वर भूकंपाच्या पहाटे आपण गाडीवर होतात. दोन्ही कसं जुळवून घेऊ?’ काकांचा लगेच फोन. “ती एसटी नव्हती, ताई, ट्रक होता. मी तेव्हा क्लीनर होतो.” ट्रकवर क्लीनर असतानाचा सगळा काळ त्यांनी पुस्तकात लिहिलाच नव्हता, त्यात काय सांगायचं म्हणून! आता तो काळ ते लिहीत आहेत. एका साध्या प्रश्नातून एक आख्खं प्रकरण आलं!

मुद्रितशोधनाच्या थरावर यायचं तर आपल्या मराठीवर यावं लागेल, आणि तिथे माझा उत्साह आवरणं मलाच कठीण जातं. आपल्याकडे पाठ्यपुस्तक नाही असं कोण म्हणतं? मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनानं मान्य केले ते १९६२ मध्ये, चौदा. १९७२ मध्ये आणखी चार आले. अठरा नियम. शाळेत ते घोकून टाकतो आणि विसरतो. पण संपादकाच्या नजरेनं ते पुन्हा वाचा! ‘वकील’चं ‘वकिलाला’ होतं, ‘गरीब’चं ‘गरिबाला’ होतं, मग ‘शरीर’चं ‘शरिराला’ का होत नाही? कारण ‘शरीर’ संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे, त्याचा दीर्घ हलत नाही. ‘कवी’ एकटा असला की दीर्घ, ‘कविमन’ झालं की ऱ्हस्व. म्हणजे एका वेलांटीवर बोट ठेवायचं तर तो शब्द कुठून आला आणि वाक्यात कुठल्या रूपात उभा आहे, दोन्ही माहीत हवं. आणि नियम आंधळेही नाहीत. ‘राहणे’, ‘पाहणे’ अशी रूपं लिहा म्हणून सांगतात, आणि त्याच दमात पात्राच्या तोंडी वेगळं रूप घालायला मोकळीकही देतात. काकांच्या ‘लिवलं’ला नियमांचाच आधार आहे, म्हणा ना.

त्यापुढची हत्यारं: मो. रा. वाळंबे यांचं व्याकरण, अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’, यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’. यास्मिन शेख या ‘अंतर्नाद’ मासिकाच्या व्याकरण सल्लागार होत्या. ललित मासिकाला व्याकरण सल्लागार! मला हे कळलं तेव्हा त्या मासिकाच्या संपादकांबद्दल इतका आदर वाटला. शेखबाईंचा जन्म १९२५ चा, आणि आयुष्यभर त्यांनी हेच काम केलं, मराठी नीट लिहायला शिकवण्याचं. हे तीन ग्रंथ टेबलावर हाताशी नाहीत असा मराठी संपादक मला आता कल्पनेतही दिसत नाही.

आणि ‘ऱ्’! काकांच्या पुस्तकात एका लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी आहे. प्रुफात आलं, ‘आचार्यांना पुढच्या सीटवर बसवलं’. हस्तलिखितात होतं ‘आचाऱ्यांना’. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना तो अर्धा र रफार होऊन अक्षराच्या डोक्यावर चढतो, आणि स्वयंपाकाला निघालेल्या आचाऱ्याचा आचार्य होतो. तसंच ‘दऱ्या’चं ‘दर्या’. कुंभार्लीच्या घाटात दोन्ही बाजूंना खोल दर्या! स्पेलचेकला यात काही वावगं दिसणार नाही, कारण दोन्ही शब्द खरेच. इथे माणूसच लागतो, आणि शिकलेला माणूस लागतो. तशीच फॉन्टची गोष्ट. शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीचे ‘ल’ आणि ‘श’ कसे काढायचे ते ठरवून दिलेलं आहे, पण कित्येक फॉन्टांत ते आपोआप हिंदी वळणाचे उमटतात. अख्खं मराठी पुस्तक हिंदी वळणाच्या ‘ल’नं छापून येतं आणि काहीतरी परकं आहे एवढंच वाचकाला जाणवत राहतं. प्रुफाच्या पहिल्या पानावरच हे बघून घ्यायचं, हे मी आता माझ्या यादीत सगळ्यात वर लिहून ठेवलं आहे.

मग पात्रतेचं काय? कुठली पदवी लागते? मी हे सगळीकडे शोधलं, आणि जे सापडलं त्यानं मी थक्क झाले. कुठलीच लागत नाही! डॉक्टरला नोंदणी हवी, वकिलाला सनद हवी. संपादकाला उद्या सकाळी पाटी लावायला कुणाची आडकाठी नाही. असं असताना या लोकांनी स्वतःहून, कुणी मागितल्या नसताना, स्वतःसाठी परीक्षा उभ्या केल्या! ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या संपादकांची संस्था तर परीक्षा पास झालेल्याला नावापुढे अक्षरं लावू देते, आणि ती कायमची नसतात, काही वर्षांनी तुम्ही अजून काम करता आहात आणि शिकता आहात हे पुन्हा दाखवावं लागतं. वैद्यकीय आणि जीवशास्त्रातल्या लेखांचं संपादन करणाऱ्यांची आणखी वेगळी परीक्षा अमेरिकेत आहे. आपल्या देशातही दारं आहेत: इग्नूचा ग्रंथप्रकाशनाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम, कोलकात्यात जादवपूर विद्यापीठातला संपादन आणि प्रकाशनाचा, तिथलीच सीगल प्रकाशनाची शाळा. नॅशनल बुक ट्रस्टही प्रकाशनाचे वर्ग घेत आला आहे. यांतून प्रकाशनाचा सगळा व्यवहार कळतो, कागदापासून करारापर्यंत. संपादनाचा हात मात्र कुणाच्या तरी शेजारी बसूनच बसतो, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. अभ्यासक्रम आणि अण्णा, दोन्ही हवेत.

आणि संपादनाची पदवी नसलेला तो सगळ्यांचा बाप! मॅक्सवेल पर्किन्स. हार्वर्डला शिकला अर्थशास्त्र, मग न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमीदारी, मग १९१० मध्ये स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेत जाहिरात विभागात लागला, आणि तिथून संपादनात आला. फिट्झजेराल्ड, हेमिंग्वे, टॉमस वुल्फ, सगळे त्याच्या हाताखालून गेले. वुल्फच्या पहिल्या कादंबरीतून साठ हजारांहून अधिक शब्द त्याच्याशी बसून, बोलून, पटवून कमी करवले. आणि या माणसाचं स्वतःचं शुद्धलेखन कच्चं होतं! फिट्झजेराल्डची पहिली कादंबरी १९२० मध्ये आली ती चुकांनी भरलेली, वर्तमानपत्रातल्या सदरात तिच्यातल्या चुकांच्या याद्या छापून आल्या. कॅनडावाले चार परीक्षा वेगळ्या का घेतात, ते या एका माणसावरून कळतं. रचना पाहणारी जगातली सर्वोत्तम नजर हाताशी होती, आणि शेवटच्या थरावर उभा राहायला कुणी नव्हतं.

याच पर्किन्सनं मार्जोरी रॉलिंग्ज या लेखिकेला सुचवलं, की फ्लोरिडाच्या रानात राहणाऱ्या एका मुलाची गोष्ट लिही. ती ‘द इयरलिंग’, १९३८ ची. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. आणि ती मराठीत कुणी आणली? राम पटवर्धनांनी, ‘पाडस’ म्हणून! ‘सत्यकथा’चे, मौजेचे राम पटवर्धन! ज्या पुस्तकाचं बीज एका महान संपादकानं पेरलं, ते मराठीत उतरवायला बसला तोही संपादकच, आणि मी लहानपणी ते वाचून रडले तेव्हा यातलं मला ओ की ठो माहीत नव्हतं. ‘पाडस’ मी आता पुन्हा वाचते आहे, पेन्सिल हातात घेऊन. त्यातली मराठी वाक्यं किती लांबीची आहेत, झाडापानांची नावं त्यांनी कशी सोडवली, कुठे थांबले, कुठे वाहू दिलं, हे बघत. संपादकानं केलेला अनुवाद संपादन शिकायला उघडावा, याहून चांगला स्वाध्याय मला तरी माहीत नाही.

मराठीत अशी परीक्षा असायलाच हवी. चार थरांची, मराठीच्या अंगची, जिच्यात ‘आचाऱ्यांना’ असेल, अठरा नियम असतील, मालवणी आणि वऱ्हाडी संवाद असतील, लेखकाला लिहायचं प्रश्नाचं पत्र असेल. दिवाळी अंक निघतात, आत्मचरित्रं निघतात, तालुक्या-तालुक्यातून पुस्तकं निघतात, आणि ‘जरा बघून घ्या’वर ती छापायला जातात. साहित्य संस्थांनी, विद्यापीठांच्या मराठी विभागांनी हे मनावर घ्यावं म्हणून मी पत्रं लिहायला घेतली आहेत. नुसतं पत्र काय पाठवायचं, म्हणून अण्णा आणि मी मिळून नमुन्याची प्रश्नपत्रिका करतो आहोत. प्रुफाचं पान झालं, दोन रंगांच्या खुणांसह. नावांची आणि सालांची यादी करायचा प्रश्न झाला. अडलं आहे ते शेवटच्या प्रश्नावर. तिथे आम्ही एक उतारा दिला आहे, एक म्हातारी नातवाला शेतातल्या विहिरीची गोष्ट सांगते आहे असा, तिच्या बोलीत, तिच्या अडखळण्यासकट, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीही नाही. उमेदवारानं तो तसाच ठेवायचा आहे. अण्णांचं म्हणणं, याला वीस गुण द्या. मी म्हणते, तीस.